पाणी असून तहानलेली माय

तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसर धानाचा. रोवणी लागली की आमच्या मायबहिणी सकाळपासून सांजेपर्यंत बांधीत वाकलेल्या असतात. उघड्या शिवारात आडोसा नाही, म्हणून त्या लघवी दाबून धरतात. लघवीला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. मग उन्हाळी लागते. लाजेपोटी हे दुखणे घरातही कुणी बोलत नाही.

यात लाजण्यासारखे काय आहे? स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. जंतू लवकर मूत्राशयात पोचतात, आणि लघवी तुंबली की तेथेच वाढतात. जळजळ, वारंवार लघवी, गढूळपणा ही लक्षणे. थंडी-ताप आला, पाठीत कळ निघाली तर आजार मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजा. गरोदर बाईने तर एक दिवसही थांबू नये. भरपूर पाणी प्या, वेळेवर लघवीला जा, स्वच्छता पुढून मागे करा. लघवी तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. घरात लघवीची नळी घातलेला रुग्ण असेल, तर पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगा, जमिनीवर ठेवू नका.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कामगार स्त्रियांसाठी वेगळ्या मुताऱ्या सक्तीच्या केल्या. धानाच्या बांधीवर त्या कधी पोचल्याच नाहीत. रोजीसोबत आडोसाही मागितला पाहिजे! बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क बजावला. आज पाणी असून आमची माय तहानलेली राहते. हा चळवळीचाच प्रश्न आहे.