जिंकलो तर टक्का, हरलो तर शून्य

कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींना अडवणारा एक उतारा आहे. वकील आधी फी घेत नाही. दावा जिंकला तर भरपाईत वाटा, हरला तर शून्य. लेखक म्हणतो, हरणाऱ्या दाव्यातून वकिलाला काहीच मिळत नाही, म्हणून या पद्धतीने खोटे दावे वाढणार नाहीत. प्रश्न असा : कोणत्या विधानाने हा युक्तिवाद कमकुवत होतो?

'काही वकील फार मोठा वाटा घेतात' या पर्यायावर हात पटकन जातो. विधान चीड आणणारे आहे खरे, पण वाद वाट्याच्या आकाराचा नाहीच, खोट्या दाव्यांचा आहे. बरोबर उत्तर : 'कोर्टाचा खर्च टाळायला कंपन्या कच्च्या दाव्यांतही तडजोड करून पैसे देतात.' लेखकाने जिंकणे आणि हरणे एवढेच धरले, तडजोड सुटली. (आम्हा प्रोग्रॅमरांचे निम्मे आयुष्य अशा सुटलेल्या शक्यता शोधण्यात जाते.)

उताऱ्याबाहेर ही तडजोड जास्त महागात पडते. समजा, अपघाताच्या दाव्यात 20 टक्के ठरले. आज तडजोड केली तर 8 लाख, तीन वर्षे लढले तर 12 लाख. तीन वर्षांच्या कामाचे वकिलाला जादा मिळतात 80 हजार. विधवेच्या हाती मात्र जादा येतात 3 लाख 20 हजार. घाई कोणाला असेल?

अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 20 वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि दाव्याच्या रकमेत वाटा घ्यायला मनाई करतो. तेलंगणातील एका महिलेला पतीच्या अपघाती मृत्यूची भरपाई मिळाली. फीचा चेक वटला नाही म्हणून तिच्याच वकिलाने तिच्यावर खटला भरला. रकमेच्या टक्केवारीवर फी मागणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो खटला रद्द केला.

तरीही टक्क्याची बोली आपल्या मोहल्ल्यांत कानावर येतेच. लोक ती मान्य करतात, कारण घरातला कमावता गेलेला असतो आणि आगाऊ फीला पैसे नसतात. नुसत्या मनाईने ही अडचण सुटत नाही. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चे कलम 12 आहे. त्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. मुलांनाही. त्यासाठी धुळे आणि जळगाव दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन 15100. शेजारच्या खालाजान टक्क्याच्या कागदावर अंगठा उमटवण्याआधी त्यांना हा नंबर लावून द्या.