उकिरड्याला न पचणारा कचरा

शेतकऱ्याचा उकिरडा म्हणजे केवळ केर टाकण्याची जागा नव्हे. ते त्याच्या जमिनीचे कोठार होय. शेण, गोठ्यातील झाडलोट, पालापाचोळा, चुलीची राख, उष्टे-खरकटे, जे जे त्यात पडे ते ते कुजून पुढल्या हंगामात शेतात परत जाई. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत बसविली, तिचा आधारही हाच निसर्गक्रम होता.

आज त्याच उकिरड्यात शांपूच्या पुड्या, खाऊच्या चकचकीत पिशव्या, बियाण्यांची पाकिटे, कीटकनाशकांच्या बाटल्या, फाटका मल्चिंग पेपर, थर्मोकोल आणि वापरलेले डायपर येऊन पडतात. शेणखताबरोबर ते शेतात जातात व कुळवाला गुंडाळतात. त्यांचे बारीक तुकडे होतात, पण माती होत नाही. गाई-म्हशींच्या पोटात गेलेल्या पिशव्या पोटातच साठून राहतात आणि प्रसंगी जनावर दगावते. म्हणून कोणता कचरा कुजतो, कोणता पुन्हा कामी येतो आणि कोणता यांपैकी कशातच बसत नाही, हे ओळखणे शेतीच्या दृष्टीनेही अगत्याचे झाले आहे.

पत्रा, काच, पुठ्ठा, ठिबकच्या जुन्या नळ्या यांना भंगारात मोल आहे. त्या वितळवून वा लगदा करून नवी वस्तू होते. खाऊच्या पिशवीचे तसे नाही. तिच्यात प्लॅस्टिकचे व बहुधा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला तिला हात लावीत नाही. मात्र पुष्कळशा वस्तू मुळात निरुपयोगी नसतात. मिसळल्यामुळे त्या तशा होतात. पीक निघताच अखंड गुंडाळून माती झटकलेला मल्चिंग पेपर कारखान्यात जाऊ शकतो. नांगराखाली सापडून चिंध्या झालेला, चिखलाने माखलेला पेपर कोणीही घेत नाही. कचऱ्याची अर्धी अडचण अशी आपल्याच हातची असते.

यावर बहुतेकांनी काढलेला सोपा उपाय म्हणजे काडी लावणे. ढीग नाहीसा होतो, पण विष नाहीसे होत नाही. बांधावरच्या आगीत पुरेशी उष्णता नसते. विशेषतः पीव्हीसी जळताना दाहक वायू व डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये निर्माण होतात. ती चाऱ्यावर बसतात आणि चाऱ्यातून दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. जाळलेला कचरा अशा रीतीने घरच्या पेल्यात परत येतो.

योग्य विल्हेवाटीचे मार्ग वेगळे आहेत. पुनर्वापरास न चालणारे परंतु जळाऊ प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येते. तेथील उष्णता 1400 अंश सेल्सिअसहून अधिक असते व उरलेली राख सिमेंटमध्येच मिसळून जाते. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक डांबरी रस्त्यांत वापरण्याची रीत दाखविली. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. जे याही मार्गाने जात नाही, ते तळाशी अस्तर असलेल्या भरावभूमीत पुरावे लागते. विहिरीजवळचा खड्डा किंवा ओढ्याचा काठ ही त्याची जागा नव्हे.

कीटकनाशकांच्या बाटल्यांविषयी विशेष दक्षता हवी. औषध संपताच बाटलीत पाव भाग पाणी घालून, झाकण लावून ती चांगली हलवावी व ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. असे तीन वेळा करून बाटलीला भोके पाडावीत. ती तेलापाण्यासाठी घरात कदापि येऊ नये, आणि इतर कचऱ्यातही मिसळू नये.

येथे शेतकऱ्याचा एक प्रश्न रास्त आहे: वेगळा केलेला कचरा न्यायला कोणी येत नसेल, तर तो वेगळा तरी का करावा? या प्रश्नाला नुसता उपदेश हे उत्तर नव्हे. स्वच्छ भारत अभियान ग्रामीणच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात तालुकावार प्लॅस्टिक हाताळणी केंद्रांची तरतूद करण्यात आली. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी वेष्टने बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवरही त्यांची जबाबदारी टाकली. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडून, साठवणीची एक कोरडी, बंदिस्त खोली आणि तालुक्यापर्यंत नेणाऱ्या वाहनाचा वार ठरवून घ्यावा. वार ठरला की गोणी भरण्याची सवय आपोआप लागते.

घरोघरी तेवढ्यासाठी दाराशी एक गोणी टांगलेली पुरे. उकिरड्याला त्याचे अन्न द्यावे, भंगाराला त्याचे मोल द्यावे. मग जो थोडा केर उरेल, त्याची सोय लावणे कोणत्याही गावाच्या आवाक्यातील आहे.