टाचणात पद्धती चार, वर्गात एकच

घटक नियोजनात अध्यापन पद्धतीचा एक रकाना असतो. चर्चा, गटकार्य, प्रात्यक्षिक, क्षेत्रभेट असे शब्द त्यात भरले की टाचणवहीवर सही होते. वर्गात मात्र फळ्यावरचे उतरवून घ्या आणि पाढे म्हणा. हे पुण्यातही होत असेल. पण तिथले मूल संध्याकाळी शिकवणीला जाते. धानोरा-एटापल्लीच्या मुलाला शाळा हेच एक दार आहे.

चौथीचा गुणाकार घ्या. आपल्याकडे मे महिन्यात तेंदूचा हंगाम. 70 पानांचे एक पुडके, 1000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी. आईसोबत फळीवर गेलेले मूल हा हिशेब पाहूनच जूनमध्ये शाळेत येते. मग पहिली तासिका पाने मोजण्याची का नसावी? पळसाचीही चालतील. दहा-दहाचे सात गट मुलांनीच पाडावेत आणि आकडे आधी गोंडीत, माडियात म्हणावेत. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 29 सांगते. दुसऱ्या दिवशी जोडीजोडीने: 15 पुडक्यांची पाने किती? कोणी 70 पंधरा वेळा मिळवेल, कोणी दहा पुडकी आणि पाच पुडकी वेगळी करेल. दोन्ही रीती फळ्यावर येऊ द्याव्यात. मग पुस्तकातली उभी मांडणी, आणि तिला वेळ सर्वांत जास्त.

"दोन शिक्षक, पाच वर्ग; हे जमवायचे कसे?" अडचण खरी आहे. 60 पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पण अशा शाळेत नुसते व्याख्यान तर अजिबात परवडत नाही. एका वर्गाला समजावून सांगताना दुसऱ्याच्या हाती जोडीचे काम हवेच.

आमचा वाद आपल्याच काही मित्रांशीही आहे. आदिवासी मुलांना मोहफुले आणि गाणी पुरेत, हा कौतुकाचा सूर आम्हाला मान्य नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शाळांसाठी शेतीचे ज्ञान मागितले, तसेच हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोलही मागितले. अर्ध्यावर समाधान मानले नाही.

म्हणून शेवटची तासिका लेखी चाचणीची. तीन उदाहरणे पुस्तकातली, दोन तेंदूच्या कार्डावरची: पुडकी किती, दर किती, आणि आईच्या हाती पैसे किती पडायला हवे होते.