कृपा म्हणजे निमूट सोसणे नव्हे

ख्रिस्ती कृपेची शिकवण माणसाला दुःख निमूट सोसायला लावते, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आक्षेप मूळ ग्रंथाला धरून नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, म्हणजे तो गप्प बसलाच नव्हता. काटा राहिला, पण बळ मिळाले; आणि याच पत्रात तो यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणीही मागतो. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, १८८२ मध्ये पती गेले. १८९६-९७च्या दुष्काळात मात्र त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणून सांभाळल्या. केडगावच्या त्यांच्या आश्रमातील छापखान्यात याच निराधार बायका खिळे जुळवायला शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी १९२२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत बायबलच्या भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. याला बधिरता कशी म्हणायची?

रमाबाई अपवाद होत्या, असे कुणी म्हणेल. पण पौलाचा मुद्दाच असा की हे सामर्थ्य दुबळेपणात दिसते, कर्तबगारीचे बक्षीस म्हणून नव्हे. मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, कृपा पुरेल’ असे सांगणारे उपदेशक आहेत, हे मला मान्य आहे आणि त्याची चीडही येते. पौलाने ‘कृपा पुरेल’ हे वाक्य स्वतःच्या काट्याबद्दल ऐकले होते. दुसऱ्याच्या जखमेवर ठेवायला ते त्याला दिलेले नव्हते.

— एक वाचक