बावड्याचे दफ्तर वाचता येते, कालची फाइल नाही!

१/ गगनबावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण. रामचंद्रपंतांच्या काळचा मोडी कागद जाणकार आजही वाचतो. १९९०च्या दशकातील मराठी फाइल मात्र उघडताच रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसतो.

२/ कारण? त्या काळच्या अनेक फॉन्टांनी देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवले. तेही प्रत्येकाने आपापल्या रीतीने. फॉन्ट हरवला की मजकूर गेला.

३/ मानकच नव्हते, ही सबब टिकत नाही. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले होते.

४/ ‘कन्व्हर्टर आहेत ना!’ आहेत, पण ते काम कारकुनी नव्हे. ‘किल्ला’मधील वेलांटी अशा फॉन्टांत ‘क’च्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. ‘दुर्ग’मधील रफार जुन्या फाइलीत ‘ग’च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. हा क्रम चुकला की शब्द बिघडतो आणि शोधूनही सापडत नाही.

५/ मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आता प्रत्येक जुन्या फॉन्टाचा संकेततक्ता खुला झालाच पाहिजे. तीनशे वर्षांचा कागद टिकावा आणि तीस वर्षांची फाइल मुकी व्हावी, हा काळाचा दोष नव्हे. निव्वळ बेपर्वाई आहे.