जुनी शस्त्रे : भट्टी, चोरबाजार की संग्रहालय?

१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये विसापूर किल्ल्यावरील एका लोखंडी तोफेची नोंद आहे. लांबी दहा फूट, तोंडाचा व्यास चार इंच आणि अंगावर इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचे गुलाबपुष्प व मुकुट. एखाद्या इंग्रजी जहाजावरून ती मराठी आरमाराच्या हाती लागली आणि पुढे पेशव्यांकडे आली असावी, असा गॅझेटियरकारांचा तर्क आहे. गडावरील इतर तोफांप्रमाणे तिचेही कान, म्हणजे ज्यांच्या आधारे तोफ गाड्यावर बसते ते दोन खुंट, तोडून ती निकामी करण्यात आली. तोफेची मारकशक्ती गेली, परंतु तिची साक्ष मात्र शाबूत राहिली. जुन्या शस्त्रांविषयी आज जो प्रश्न आपल्यापुढे आहे, त्याचे उत्तर या तोडलेल्या कानांत दडलेले आहे.

मावळ ही शस्त्रांच्या स्मृतींची भूमी आहे. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेने तळेगावहून रात्री माघार घेताना आपल्या जड तोफा तेथील तळ्यात टाकल्या आणि अवघ्या काही दिवसांत वडगावला तिला तह करावा लागला. १८१८ च्या मार्चमध्ये लोहगड व विसापूर इंग्रजांकडे गेले. अशा मुलखात जुन्या वाड्यातील माळ्यावर, किंवा लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्यातील पेटीत, गंजलेले शस्त्र सापडावे यात नवल नाही.

काही दिवसांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी अशीच अडचण घेऊन आला. आजोबांच्या ट्रंकेत एक जुने रिव्हॉल्व्हर निघाले होते. परवान्याचा कागद नव्हता. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे, 'विहिरीत टाकून मोकळे व्हा.' एका ओळखीच्या गृहस्थाने तर गुपचूप गिऱ्हाईक आणण्याची तयारी दाखविली होती. मी त्याला विनाविलंब पोलीस ठाण्यात कळविण्यास सांगितले. सल्ला योग्यच होता. तथापि तो देताना मनाला समाधान वाटले नाही.

ते रिव्हॉल्व्हर जुन्या 'सिंगल ॲक्शन' पद्धतीचे होते. या पद्धतीत प्रत्येक गोळीपूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो; चाप केवळ तो सोडण्याचे काम करतो. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने अशा शस्त्राचे पेटंट १८३६ मध्ये घेतले आणि १८५३ मध्ये लंडनला कारखानाही काढला. सुटे भाग यंत्रावर एकसारखे घडवून मोठ्या प्रमाणात उत्पादन करण्याचा तो एक आरंभीचा प्रयोग. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या घोड्या-चापात औद्योगिक क्रांतीचा एक सबंध धडा वाचता येतो.

पाश्चात्त्य देशांत अशा रिव्हॉल्व्हरांचे संग्राहक पुष्कळ आहेत आणि त्यांची मोठी बाजारपेठ आहे. अशा वस्तूचा पुरवठा वाढू शकत नाही, म्हणून मागणीबरोबर किंमत चढते. आणि किंमत चढली की नकलाही निघतात. म्हणून जाणता संग्राहक लोखंडाइतकेच मोल नोंदीला देतो : शस्त्र कोणाचे, कोठून आले, कोणाच्या हातून कोणाकडे गेले. नोंद हरवली की उरते ते मोडीचे वजन. चोरबाजारात पहिला बळी या नोंदीचाच जातो, कारण तेथे खरा मालक सांगणे कोणालाच परवडत नाही.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा याबाबतीत अगदीच आंधळा नाही. जे शस्त्र जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे वा नादुरुस्त असून दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला तो लागू होत नाही. वापरण्याजोगे असेल तर परवाना हवाच. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली शस्त्रे धरूनही एका व्यक्तीस दोनच बाळगता येतात. १०० वर्षांहून जुन्या पुराणवस्तू खाजगी व्यक्तीने परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी घातली आहे. ही बंधने जाचक आहेत असे मी म्हणणार नाही. घरोघरी पिस्तुले असलेल्या समाजाचे काय होते, हे अमेरिकेकडे पाहिले म्हणजे कळते. प्रश्न आहे तो वेगळाच. शस्त्र दुरुस्तीपलीकडे गेले आहे की नाही, हे सामान्य माणसाला कोण सांगणार? उत्तर हाताशी नसल्याने भीती वाढते, आणि भीतीपोटी वस्तू विहिरीत, भट्टीत वा दलालाच्या पिशवीत जाते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. शासनाने ठराविक मुदत जाहीर करावी. त्या मुदतीत स्वतःहून शस्त्र दाखविणाऱ्या वारसावर खटला भरू नये. पोलीस आणि पुरातत्त्व खात्याचे जाणकार यांनी ते एकत्र तपासावे. मोलाचे असेल तर विसापूरच्या तोफेप्रमाणे ते निकामी करून, त्या घराण्याच्या नावानिशी आणि सांगितलेल्या हकिकतीसह, वडगावला एखाद्या तालुका संग्रहालयात ठेवावे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी एकट्याच्या ध्यासाने हजारो वस्तू जमविल्या आणि अखेर त्या शासनाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, स्वाधीन केल्या. खाजगी छंदातून सार्वजनिक संपत्ती कशी निर्माण होते याचा तो वस्तुपाठ आहे. तो मावळात गिरविण्यास हरकत कोणती?

लोहगडाला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, याचा आनंद आपण सर्वांनीच मानला. परंतु गडाची तटबंदी जपायची आणि त्याच्या पायथ्याच्या घरांतील साक्षीपुरावे मात्र भट्टीत जाऊ द्यायचे, हा हिशेब जुळत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने रिव्हॉल्व्हर रीतसर जमा केले. त्याबरोबर आजोबांची हकिकत लिहून घेणारे मात्र कोणी नव्हते. ती मी त्याला स्वतःच लिहून काढण्यास सांगितली आहे. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एवढे जरी सांगितले, तरी संग्रहालय उभे राहीपर्यंत त्याची पहिली वही तयार झालेली असेल.