लेव्ही बंद झाली का?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'समाजवादाचा पराभव झाला आहे'. अनुकूल बाजूच्या वक्त्याने १९९१ साल सांगितले, सोव्हिएत संघ कोसळला तेव्हाच निकाल लागला असे ठणकावले आणि टाळ्या घेतल्या. प्रतिकूल बाजूने १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा, पॅरिस कम्यून, क्यूबा अशी लांबची सफर घडवली. दोन्ही वक्ते अभ्यासू होते यात शंका नाही. पण पुण्यातच असलेल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत मात्र त्यांच्यापैकी कुणी आले नाही.

माझे वडील तिथे भुसार विभागात हमाल आहेत. घरी आल्यावर मी त्यांना स्पर्धेची हकीकत सांगितली. अण्णांनी विचारले, "मग जिंकलं कोण?" मी म्हणाले, "भांडवलशाही." ते घटकाभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे लेव्ही बंद झाली का काय?"

तेव्हा मला हसू आले. आता येत नाही.

ज्यांच्या घरी कुणी पोते उचलत नाही त्यांच्यासाठी लेव्ही म्हणजे काय ते सांगायला हवे. पूर्वी हमाल हा कुणाचाच नोकर नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. पाठ मोडली तर प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा माणूस नव्हे. आणि कायद्याने ते खरेही होते. पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली ती १९५० च्या दशकात, नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले. या सगळ्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कायद्याची युक्ती साधी आहे. व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के जादा रक्कमही भरायची. ही जादा रक्कम म्हणजे लेव्ही. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. गाळा बदलला तरी हमालाचे खाते तेच राहते. माझी पहिल्या वर्षाची फी अण्णांच्या बोनसमधून भरली गेली.

पोत्याचेही तसेच. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये. अण्णा त्यानंतर कित्येक वर्षांनी यार्डात आले, तरी त्यांच्या पाठीवर पोते शंभर किलोचेच होते. आता ते पन्नासचे आहे. जिनिव्हाचा कागद गुलटेकडीला पोचायला इतका वेळ लागला, आणि तोही टपालाने नव्हे, बंद आणि मोर्चे करून.

हा समाजवाद आहे का? पुस्तकी व्याख्येने नाही. गाळा व्यापाऱ्याचा, माल व्यापाऱ्याचा, नफा व्यापाऱ्याचा. पण भांडवलशाहीने आपण होऊन हे दिले असेही कुणी म्हणू नये.

आमच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात १८७५ चे दख्खनचे दंगे आहेत. सुरुवात १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात झाली. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता; युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारी सारा मात्र वाढला. सावकाराकडे जमिनी गहाण पडल्या. शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी सावकाराचे रक्त मागितले नाही, कर्जरोखे मागितले आणि जाळले. मला हे फार विशेष वाटते. आपली गुलामगिरी माणसात नाही, कागदात आहे, हे त्या निरक्षर माणसांना कळले होते. १८७९ साली सरकारला कायदा करावा लागला. आणि १८८३ साली, तिकडे लंडनमध्ये मार्क्स वारला त्याच वर्षी, इकडे पुण्यात जोतीराव 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. शोषक एका बाजूला, शोषित दुसऱ्या बाजूला. अडचण पुढे आहे, आणि ती आमच्याच घरात आहे.

माझा मामा शेतकरी. त्याचा कांदा याच यार्डात येतो. गेल्या दिवाळीत तो मुक्कामाला होता. जेवताना त्याने खिशातून पट्टी काढून ताटाशेजारी ठेवली. हमाली, तोलाई, वाराई अशी कपात एकाखाली एक मांडलेली. २०१६ पासून भाजीपाल्याची आडत खरेदीदाराने द्यायची झाली, पण ही बाकीची ओळ काही पुसली नाही. मामा म्हणाला, "दाजी, तुमचा बोनस माझ्या कांद्यातनं जातोय बघा." अण्णा भुसारातले, कांद्याला त्यांनी हातही लावलेला नाही. तरी त्यांचा घास थांबला. आई उगाच भाकरी वाढत राहिली. शेवटी अण्णा म्हणाले, "पाव्हणं, कांदा स्वतः उतरवून बघा एकदा." दोघेही खोटे बोलत नव्हते. त्या कांद्यावर सर्वांत जास्त पैसे ज्याने केले तो आमच्या पंगतीला नव्हताच. म्हणून भांडण या दोघांत झाले.

श्रमिकांची एकजूट ही घोषणा भिंतीवर लिहायला सोपी असते. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे खाते दलित कामगारांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून सांधावा लागे. वर्ग एक, गिरणी एक, मालक एक, पण एकजूट त्या धाग्यापाशी तुटत होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. आमच्या वादविवादात तो कुणी विचारला नाही.

दुसऱ्या बाजूचेही सांगते, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. १९८० साली पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या जहाजकारखान्यातले कामगार संपावर गेले ते कामगारांचेच म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध. जिथे हमालाला मालकाशी भांडता येत नाही तिथे मालक शेठजी असो की सरकार, पोते तेवढेच जड. आणि आपल्याकडेही माथाडीचे नाव लावून कारखान्यांकडून खंडणी उकळणारे निघाले आहेत, चाकणच्या बाजूच्या अशा बातम्या आपण वाचतो. असल्या लोकांमुळे खऱ्या माथाडीकडेही संशयाने पाहिले जाते, याचा मला राग येतो.

आता माझ्या चुलतभावाची गोष्ट. तो बारावीनंतर मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाईल त्याचा. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. पावसाळ्यात घसरून त्याचा हात मोडला. तीन आठवडे एक पैसा आला नाही. हा माझा माणूस नव्हे, हेच उत्तर, फक्त आता ते पडद्यावर येते. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला; प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क घेण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे आमची लेव्हीच! माथाडी कायदा जन्मला तो महाराष्ट्रात. मग या पोरांसाठी असा कायदा आधी राजस्थानने का करावा?

भाऊ घरी पडून होता तेव्हा अण्णा त्याला बघायला गेले. मीही बरोबर होते. अण्णांनी चौकशी केली, तुमच्यात किती पोरं आहेत, एकमेकांना ओळखता का, दर कोण ठरवतं. भावाने मोबाईल दाखवला. अण्णांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. आमच्या वेळी शेठ गादीवर बसलेला असायचा, म्हणाले, चौघे जण जाऊन समोर उभे राहायचो.

मग मला विचारले, "तू शिकतेस ना? ह्याचा शेठ बसतो कुठं ते सांग."

मी अजून शोधते आहे. यंदाच्या वादविवादाला मी नाव दिले आहे.